सवाल टाकून उठायचं नाही

नातीचं नाव पेपरात छापून आलं असं कळल्याबरोबर चांगुणाबाईंनी आधी पेढे आणवले, ओळीतल्या घराघरांत वाटले, आणि मग छापलंय काय ते मुलाला वाचायला सांगितलं. चूक झाली ती एवढीच.

नेरूळमधली सिडकोच्या बैठ्या घरांची ती ओळ. अभय तळोज्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेला, अजून तोंडावर पाणीसुद्धा मारलेलं नाही, तसाच पायरीवर पेपर उघडून बसला. समोर पेढे चघळत निम्मी ओळ उभी. मधोमध चांगुणाबाई, दोन्ही खांद्यांवरून पदर, मान अशी ताठ की बघणाऱ्याला वाटावं, छापलंय ते यांचंच नाव.

अभय वाचायला लागला. "‘वाट आमची’ या नव्या ध्वनिफितीतली सगळी गाणी क्रांती अभय तांबे यांनी स्वतः लिहिली आहेत, चाली स्वतः लावल्या आहेत आणि गायलीही स्वतःच आहेत. आवाज खणखणीत. शब्द स्वच्छ."

"परत वाच," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्याने परत वाचलं. "आवाज खणखणीत. शब्द स्वच्छ. परंतु..." आणि त्याचा आवाज खाली गेला.

"मोठ्यानं वाच की. पेढा काय गळ्यात अडकला तुझ्या?"

"परंतु पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ‘आम्ही, आम्ही, आम्ही’. ही गाणारी मुलगी कोण, तिला काय आवडतं, ती कुणावर चिडते, कशाला हसते, याचा पत्ता लागत नाही. ती सभेत उभी असते तशीच घरातही उभीच आहे. तिने एकदा खाली बसून गावे. नाहीतर हा चांगला आवाज घोषणा देता देता बसून जाईल." खाली नाव होतं, हौसेराव शिर्के.

ओळीतल्या बाया पेढे संपवून हळूच आपापल्या घरी निघाल्या. कुणाला स्टोव्हवरचं दूध आठवलं, कुणाला चालू नळ. अर्धा पेढा हातात राहिलेली एक जण तो खावा की परत करावा या विचारात पडली. चांगुणाबाईंनी तिला नजरेनेच सांगितलं, खा.

आत क्रांतीने सगळं ऐकलं होतं. रडणाऱ्यांतली पोरगी नव्हती ती. तिने पेटीला गवसणी घातली, स्टूल घेतलं आणि पेटी माळ्यावर ठेवून दिली, जुन्या गाद्यांच्या मागे. मग चप्पल घालून विहाराकडे गेली आणि मंडळाच्या सेक्रेटरीला, गोटीरामला, सांगून आली की बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला दुसरी पार्टी बघा, मी गाणार नाही.

हे चांगुणाबाईंना कळलं ते गोटीरामकडूनच. धोतराचा सोगा सावरत तो दारात येऊन उभा राहिला. "चांगुणाबाई, पोस्टर छापून झाली. त्यावर क्रांतीचा फोटो हाय. आता मी कुनाचा फोटो चिकटवू, माजा?"

"तुझा लावलास तर माणसं वर्गणी परत मागतील. जा घरी. क्रांती गाणार."

सांगितलं खरं, पण त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. माणूस बैठकीवरून एकदा उठला की परत बसत नाही, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं. त्यांचे मालक सदू तांबे कव्वालीचे गाणारे. मंडणगडकडून मुंबईत आले, गोदीत काम केलं आणि रात्री पार्टी घेऊन वस्त्यावस्त्यांतून मुकाबले गायले. मुकाबला म्हणजे समोरासमोर दोन पार्ट्या. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि जवाब देता देता उलटा सवाल टाकून मोकळं व्हायचं. चांगुणाबाई मागे कोरसात बसायच्या टाळ्या धरून. लिहिता येत नव्हतं, पण समोरच्याचा सवाल पुरता संपायच्या आत त्याचं नाक कापणारी ओळ त्यांच्या तोंडात तयार असायची. ती त्या पुढे सदूच्या कानात टाकायच्या आणि सदू ती आपली म्हणून गायचा. माणसं म्हणायची, आवाज सदूचा, जीभ मागच्या बाईची. चांगले चांगले गाणारे त्यांनी बघितले होते, एका हरलेल्या मुकाबल्यानंतर पेटी विकून पानपट्टी टाकलेले. पान चांगलं लावायचे, पण डोळ्यांकडे बघवायचं नाही.

क्रांती चोविशीची. बेलापूरला एका ऑफिसात टायपिंग करते, उरलेल्या वेळात गाणी. पहिली कॅसेट जयंतीच्या गाण्यांची होती, ती स्टॉलवर खपली. ही दुसरी तिची स्वतःची, मनासारखी. दोन वर्षं तिने तिच्यावर घासली होती.

"क्रांते," रात्रीची भाकरी थापता थापता चांगुणाबाई म्हणाल्या, "जवाब कधी देणार?"

"कसला जवाब?"

"त्या शिर्क्याला. भर पेपरात सवाल टाकलान् त्यानं. लोकं वाट बघतात."

क्रांतीला हसू आलं नाही. "आजी, तो सवाल नाही. परीक्षण आहे ते. त्याला उत्तर नसतं द्यायचं."

चांगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच राहू दिली. "उत्तर द्यायचं न्हाय? मग तो बोलला कशाला?"

"ते त्याचं मत आहे. लोकांनी वाचायचं, पटलं तर कॅसेट घ्यायची, नाही पटलं तर सोडायची."

"आन् तू काय करायचंस?"

"मी गप्प बसायचं."

"असा कुठला मुकाबला असतो गो? एकानं बोलायचं आन् दुसऱ्यानं माळ्यावर पेटी टाकायची?" भाकरी करपली. त्यांनी ती उलटली आणि करपलेली बाजू स्वतःच्या ताटात घेतली. "आमच्यात समोरच्यानं सवाल टाकला की त्याला उठून जाता येत न्हाय. जवाब होईपर्यंत समोर बसावं लागतं. लघवी आली तरी. उठला तो हरला."

"तो उठलाच आहे आजी. पेपरात छापून घरी गेला तो."

त्या रात्री बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखाली अंथरुणावर पडल्या पडल्या चांगुणाबाईंच्या डोक्यात ते वाक्य घोळत राहिलं. छापून घरी गेला. हे काही नियमाला धरून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सारसोळ्याची बयाबाई मासळीची पाटी घेऊन आली. तिच्या घरी क्रांतीची कॅसेट होती, चांगुणाबाईंनीच गळ्यात मारलेली. मांदेली निवडत त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "कॅसेट ऐकलीस?"

"आयकली ना गो. तुजे नातीचा आवाज लय मोठा हाय." बयाबाईने माश्या हाकलल्या. "पन खरा सांगू? पयलाच गाना लावला नि माजा दादला जेवताना उबा ऱ्हायला. त्याला वाटला, राष्ट्रगीतच हाय."

"गाढव हाय तुझा दादला."

"ता तं हायच. पन मंग मी पन बसले नाय ना. हात जोरून उबी."

चांगुणाबाईंनी मांदेली घेतली, भावात घासाघीस करायचीसुद्धा विसरल्या. बयाबाई चकित होऊन दोनदा मागे वळून बघत गेली. खरं म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मनातही काहीतरी टोचत होतंच. कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हा पहिल्या बाजूला ऊर भरून आला होता आणि दुसऱ्या बाजूला झोप. त्यांनी ती झोप उन्हावर ढकलली होती. पोरगी घरात चहा उतू गेला तरी गाण्यात शिव्या देते, बापाच्या घोरण्याला चाल लावते, शेजारणीच्या चालीची नक्कल करून सगळ्यांना लोळवते. त्यातलं कॅसेटमध्ये काही आलं नव्हतं. कॅसेटमधली क्रांती इस्त्री केल्यासारखी होती.

पण म्हणून बाहेरच्या माणसाने बोलून निघून जायचं? त्यांनी अभयच्या मागे लागून शिर्के कुठे असतात ते काढलं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहिणारे मेहताजी, आणि पेपरात लिहायचं ते हौसेने. नाव शोभत होतं.

दुपारी मार्केट जरा निवलं होतं. गोण्यांच्या थप्प्यांच्या सावलीत माथाडी आडवे झालेले, निवडणाऱ्या बाया कांद्याच्या ढिगाशी बसून सडका माल बाजूला काढत होत्या. उन्हाने आणि कांद्याने डोळे चुरचुरत होते. चांगुणाबाईंनी एका बाईला विचारलं, तिने हातातल्या कांद्यानेच दाखवलं. गाळ्याच्या आत गादीवर पन्नाशीचा एक बारका माणूस बसला होता, कानाला पेन लावून. शेजारी कॅसेटचा छोटा टेप, हळू आवाजात काहीतरी गात होता.

"जय भीम. हौसेराव शिर्के तुमीच?"

"व्हय, रामराम. या मावशी. माल बघायचाय?"

"माल न्हाय. मी चांगुणाबाई सदू तांबे. तुमी माझ्या नातीवर सवाल टाकलात."

शिर्क्यांनी कानावरचं पेन काढलं. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या मागे कोणी माणसं आली आहेत का तेही पाहिलं. "मावशी, मी काय वाईट हेतूनं..."

"हेतू मी कुठं विचारला? सवाल टाकलात ते बरं केलंत. पन सवाल टाकून उठायचं नसतं. बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी नेरूळच्या विहारासमोर पहिल्या रांगेत तुमची खुर्ची. जवाब तिथं मिळेल."

"कसला जवाब?"

"तेच. माझी नातही असंच विचारते. शिकलेल्या माणसांना एवढी साधी गोष्ट कळत न्हाय." त्या न विचारताच गादीच्या कडेला टेकल्या. "आन् एक सांगते तुमाला. आमच्या चार पिढ्या मान खाली घालून गेल्या. ‘आमी’ म्हणायलाच आमाला एवढी वर्षं लागली. ते नीट तोंडात बसतंय न बसतंय तोवर तुमी सांगता, आता ‘मी’ म्हण. तुमच्या घरात ‘मी’ पहिल्यापासून पडलेला असेल कोपऱ्यात. आमाला तो नवा आणावा लागतो."

 शिर्क्यांनी चहावाल्याला खूण करून दोन चहा मागवले. मग म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं बघा. हे खरंय."

चांगुणाबाई तयारीने आल्या होत्या, पुढच्या तीन-चार धारदार ओळी तोंडात होत्या. समोरच्याने असं मान्य केलं की त्या ओळींचं काय करायचं ते कळेना. त्यांनी चहा प्यायला.

"पण मावशी," शिर्के म्हणाले, "मी लिहिलंय त्यातलंही काही खरं असंल की नाही? मी ती कॅसेट किती वेळा ऐकली म्हणता? शेवटी फीत टेपमध्ये गुंतली, पेन्सिलीनं गुंडाळून परत ऐकली. वाईट असती तर दोन ओळीत उडवून दिली असती, तेवढीच जागा वाचली असती. त्या पोरीच्या आवाजात एक खट्याळपणा हाय. एका गाण्यात दोन कडव्यांच्या मधी ती श्वास घेताना हसतीय. चुकून राहिलंय ते. मला वाटलं, ही जी बाई हसली, ती गात का नाय?"

"कुठल्या गाण्यात?"

शिर्क्यांनी टेपमधली कॅसेट काढली, दुसरी घातली, पुढे-मागे केली. आणि खरंच. ढोलकीच्या मागे, क्षणात विरून जाणारं, नाकातून आलेलं हसू. चांगुणाबाईंनी ते ओळखलं. स्टुडिओत ढोलकीवाल्याची टोपी पंख्याने उडाली होती, ते क्रांतीने घरी येऊन सांगितलं होतं, तेव्हाही ती असंच हसली होती.

त्या उठल्या. "तर येताय ना?"

"तुमची माणसं मला धरतील."

"माणसं काय करनार? मी असताना कोन हात लावतो? पान मिळेल, सरबत मिळेल. फक्त उठायचं न्हाय."

"बरं," शिर्के म्हणाले, "मी येतो. पण मावशी, ती गाणार हाय का? पेपर आल्यावर कॅसेटवाल्याचा मला फोन आला होता, म्हणाला, पोरगी बोलतच नाही, पुढची कॅसेट करायची का सोडायची." हे विचारताना त्यांचा चेहरा असा झाला की बाईंना पहिल्यांदा वाटलं, हा माणूस रात्री नीट झोपत नसावा.

"ते माझं मी बघते," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर क्रांतीला सांगितलं, आणि व्हायचं तेच झालं.

"तू त्यांच्या गाळ्यावर गेलीस? आजी! लोक काय म्हणतील? समीक्षकाच्या दारात भांडायला आजीला पाठवली?"

"भांडले कुठं? चहा प्याले."

"आणि त्यांना बोलावलंस? मी गाणार नाही हे माहीत असून?"

"मग काय, तो येईल, पहिल्या रांगेत बसेल, पान खाईल. समोर बैठक मोकळी दिसेल. जिंकला तो, दुसरं काय?" चांगुणाबाई पाय पसरून बसल्या. चालून पाय सुजले होते. "आन् तुझं हसू सापडलं त्याला. टोपी उडाली ते."

क्रांती थांबली. "ते काढून टाकायला सांगितलं होतं मी."

"राहिलं. त्याला आवडलं."

बराच वेळ पोरगी स्टोव्हची पिन उगाच साफ करत बसली. मग, मान वर न करता, बोलली, "मला राग त्यांच्या लिहिण्याचा नाही आला आजी. राग आला कारण ते बरोबर आहेत. मी लिहायला बसले की मला वाटतं, मागे सगळे उभे आहेत, आजोबा, पप्पा, तू, सगळी वस्ती. एवढ्या लोकांसमोर मी माझं काय सांगू? खोकला झाला, बस चुकली, असलं? म्हणून ‘आम्ही’ म्हणते. आणि मग ते सगळं एकसारखं होतं. आता सवालच खरा असेल तर त्याला जवाब काय देणार?"

हा प्रश्न मात्र चांगुणाबाईंच्या हद्दीतला होता. त्यांचे डोळे लकाकले.

"हे बघ. खोटा सवाल असला की तुझ्या आजाला सोपं जायचं. दोन टोमणे, माणसं हसली, संपलं. पन समोरून खरा सवाल आला ना, तर आमी आधी तो मान्य करायचो. हात जोडून. माणसं गार व्हायची. आन् मग तो सवाल उचलून आपल्या घरी घेऊन यायचा. आपल्या चुलीपाशी बसवायचा. तिथं तो परका पडतो. मग त्याला आपल्या भांड्यात आपलं वाढायचं."

क्रांतीने स्टोव्हची पिन खाली ठेवली. आजीकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "आजी, तू जरा बाहेर जाऊन बस."

"बाहेर? एवढ्या उन्हात?"

"सावली आहे पायरीवर. जा. आणि पप्पांना पण आत येऊ देऊ नकोस."

बाहेर पायरीवर बसून चांगुणाबाईंनी कान आत लावले. स्टूल सरकल्याचा आवाज आला. गाद्या पडल्याचा आवाज आला. मग पेटीचा भाता. एक ओळ, परत तीच ओळ, मोडून परत. शब्द कळत नव्हते. आणि मध्येच पोरगी हसली. एकटीच. थांबली, परत काहीतरी गुणगुणली आणि यावेळी अशी फिसकन हसली की पेटीच बंद पडली. चांगुणाबाईंना बरं वाटलं, आणि लगेच संशय आला. घरात हसण्यासारखं असं होतं तरी काय?

अभय कामावरून आला तेव्हा आई दारात आडवी बसलेली. "आत जायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "सवाल शिजतोय."

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारासमोरचं मैदान भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरांच्या हातांत खिरीचे द्रोण. वंदना झाली, भाषणं झाली, गोटीरामचं आभाराचं भाषण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच झालं. शिर्के आले होते. इस्त्रीचा शर्ट, पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला, निम्मे उठल्यासारखेच बसलेले. ते कोण हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, कारण चांगुणाबाईंनी ते सगळ्यांना सांगितलं होतं. त्या स्वतः त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, पहारा द्यावा तशा.

क्रांती आली आणि माईकसमोर उभी राहायची सोडून सरळ बैठकीवर मांडी घालून बसली. माईक खाली ओढला. त्याने शिट्टी मारली. शिट्टी विरेपर्यंत ती थांबली. मग बोलली, "आज पहिलं गाणं नवीन आहे. शिर्के साहेबांनी पेपरात मला सवाल टाकला. सवाल खरा आहे, मान्य आहे." तिने हात जोडले. मैदान गार. चांगुणाबाईंनी शिर्क्यांकडे तिरकं पाहिलं. त्यांच्या कपाळाला घाम सुटला होता.

बेंजो वाजला, ढोलकीने ठेका धरला, आणि क्रांती गायली:

मी शोधाया निघाले मला,
आजी बसली दारात,
"कुठं निघालीस उन्हाची?" म्हणे,
"चप्पल कुणाची पायात?"

आधी बाया हसल्या. मग पुरुष. ओळीतल्या सगळ्यांच्या माना चांगुणाबाईंकडे वळल्या. त्यांनी पदर नीट केला. नातीने त्यांचा आवाज काढला होता, नाकातला, शेवटचं अक्षर फटक्यासारखं मारणारा. अगदी तोच.

चप्पल तुझी गं, चालणं तुझं गं,
तोंड तेवढं माझं,
त्यातही तूच तिखट घातलंस,
सांग मी करू काय तुझं?

"अगो ही माझ्यावर गाते!" चांगुणाबाई उघड बोलल्या. शिर्के हसत होते, खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून नीट टेकून हसत होते. बाईंना त्यांच्या हसण्याचाही राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम आल्यामुळे काय करावं ते सुचेना.

पुढे कडव्यामागून कडवी. पप्पांचं घोरणं आलं. बयाबाईचा दादला जेवता जेवता उभा राहिला, तेही आलं. ते हिला कुणी सांगितलं देव जाणे, म्हणजे चांगुणाबाईंनीच सांगितलं असणार. बेलापूरच्या ऑफिसातला साहेब आला, तो टायपिंग बघताना खांद्यावरून जरा जास्तच वाकतो, आणि तिथे हसणाऱ्या पोरी एकदम गप झाल्या, कारण तसा साहेब प्रत्येकीच्या ओळखीचा होता. त्या कडव्याला हसू नव्हतं, आवाजही चढला नव्हता. तिने ते बाजूला बसलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं आणि पुढे गेली. चांगुणाबाईंना हे माहीत नव्हतं. पोरगी घरात कधी बोलली नव्हती. त्यांनी हातातला पदराचा कोपरा पिळला. आणि मनात ठरवलं, उद्या बेलापूर.

क्रांती शिर्क्यांकडे वळली.

शिर्के बाबा, सवाल खरा,
जवाब अर्धाच वाढू,
उरलं अर्धं शिजतंय अजून,
झाकण नका हो काढू.

टाळ्यांनी मैदान उठलं. शिर्के उठून उभे राहणार तेवढ्यात त्यांना आठवलं, आणि त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बसल्या बसल्याच हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत राहिले.

"बघा, मावशी," ते कानाशी ओरडले, "‘मी’ म्हणून निघाली आणि घेऊन आली सगळ्यांना!"

"मग? मी काय सांगत होते तुमाला मार्केटात?"

"हे छापतो."

"छापा. पन आधी मला वाचून दाखवा. पेढे मी आता नंतर आणणार."

पण ढोलकी थांबली नव्हती. क्रांतीने हात वर केला. मुकाबल्याचा नियम तिला पाठ होता, जवाब दिला की उलटा सवाल टाकायचा. आणि तो शिर्क्यांवर पडेल म्हणून सगळे तिकडे बघत असताना पोरगी भलतीकडेच वळली.

जन्मभर मागं बसलीस आजी,
टाळी धरून कोरसात,
आजोबा गायले तुझ्या ओळी,
तुझं गाणं कोण गात?

सगळं मैदान वाट बघायला लागलं. म्हातारी माणसं, जी सदूच्या वेळची होती, ती मान हलवायला लागली. एक जण मागून म्हणालाही, "खरं हाय, खरं हाय!"

चांगुणाबाईंच्या तोंडात नेहमी तयार असलेली ओळ यावेळी आली नाही. सवाल संपून गेला तरी आली नाही. त्यांनी शोधली, आणि ओळीच्या जागी त्यांना सदू आठवला, बैठकीवर, मान मागे वळवून कान पुढे करणारा. किती प्रेमाने वळायचा. पण वळायचा आणि परत पुढे बघायचा. त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटलं का? तेही नाही. फक्त मुंग्या आल्या, पाय बराच वेळ दुमडून ठेवल्यावर येतात तशा.

अभय मागून येऊन कानात म्हणाला, "आई, नसेल जमत तर मी सांगतो त्यांना, तुझी तब्येत..."

"माझ्या तब्येतीला काय झालंय? बाजूला हो."

त्या उठल्या. मैदानातून वाट झाली. पोरांनी द्रोण बाजूला ओढले. मांडवाच्या पायरीवर गोटीरामने हात दिला, तो त्यांनी झटकला आणि मग त्याच्याच खांद्यावर रेलून वर चढल्या. क्रांतीने बैठकीवर जागा केली. माईक आजीच्या तोंडाजवळ सरकवला. तिचे डोळे भरले होते आणि ओठ मात्र वाकडे झाले होते, हसू आवरताना होतात तसे.

"मला फसवलंस काय गो?" चांगुणाबाई म्हणाल्या. ते माईकमधून सगळ्या सेक्टरला ऐकू गेलं.

"जवाब दे," क्रांती म्हणाली.

"उठायचं नाही मावशी!" खालून शिर्के ओरडले. माणसं हसली.

"तुमी गप बसा. तुमच्याकडं नंतर येते." त्यांनी घसा साफ केला. बेंजोवाल्याकडे वळल्या. "ए पोरा, ती काळी चार-बिर तुझ्याकडंच ठेव. पट्टी उतरव. आणखी. आणखी उतरव, मेल्या, माझं वय बघ." त्याने सूर दिला. तो बरोबर होता. त्यांनी एका हाताने क्रांतीचा गुडघा धरला, कारण धरायला काहीतरी हवं होतं, आणि दुसरा हात कानावर नेऊन पहिली ओळ घेतली. आवाज फाटला. त्यांनी तिथेच थांबून ती ओळ परत घेतली.